एक्स्पो चालू केलं की स्क्रीन काळी, रॅम ४८०० च्या वर जायलाच तयार नाही

रात्रपाळी_७६००
मंडळी मदत हवीय. नवीन पीसी असेंबल करून घेतलाय, रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, डीडीआर५ रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन स्टिक्स, बॉक्सवर स्पीड ठळक ६००० लिहिलंय पण टास्क मॅनेजरमध्ये ४८०० आणि सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये तर चक्क २४००! दुकानदार म्हणतो, चालतंय ना, मग कशाला हात लावता. व्हिडिओ बघून बायॉसमध्ये (बोर्डाच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅमला बॉक्सवरच्या स्पीडला नेणारं प्रोफाइल, चालू केलं तर स्क्रीन काळी, फॅन फिरतायत, बोर्डावर डीरॅमचा (रॅम तपासणीचा) पिवळा लाईट तसाच. मिनिटभर वाट बघून बटण दाबून बंद केला, असं परत परत झालं आणि मग आपोआप ४८०० वर आला. रॅम खराब निघाली का? आणि व्हर्च्युअल मशीनसाठी (पीसीच्या आत दुसरा पीसी चालवायला) इंटेल व्हीटी चालू करा म्हणतात ते कुठेच सापडेना. पुढे अजून दोन स्टिक्स टाकून ६४ जीबी करायचा विचार आहे.

तापलेली_सोल्डर
रॅमला लगेच दोष देऊ नकोस. सीपीयू-झेडचे २४०० म्हणजेच ४८००, डीडीआरमध्ये एका ठोक्याला दोनदा डेटा जातो म्हणून तिथे आकडा निम्मा दिसतो. आणि बॉक्सवरचे ६००० हे रॅम कंपनीने टेस्ट केलेलं ओव्हरक्लॉकिंग (अधिकृत स्पीडच्या वर चालवणं) असतं, एएमडीचा स्वतःचा अधिकृत आकडा ७००० सिरीजला दोन स्टिक्सवर ५२०० आहे. पण ७६०० वर ६००० सहसा आरामात चालते.

आता मुख्य गोष्ट. एक्स्पो चालू केल्यावर पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंग होतं, म्हणजे बोर्ड प्रत्येक लाईनचं टायमिंग जुळवत बसतो, तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहणार आणि तो पिवळा लाईट पण लागलेला राहणार, पाच-दहा मिनिटं गेली तरी बटणाला हात लावायचा नाही, चहा करून ये.

दुसरं, स्टिक्स कोणत्या स्लॉटमध्ये आहेत ते बघ. सीपीयूकडून मोजायचं, दुसरा आणि चौथा हवा.

इंटेल व्हीटी तुझ्या बोर्डवर कसं सापडणार बाबा, प्रोसेसर एएमडीचा आहे 😄 त्याच कामाचा एएमडीचा एसव्हीएम मोड शोध, बहुतेक ॲडव्हान्स्डमध्ये सीपीयू कॉन्फिगरेशनखाली असतो, काही बोर्डांवर ओव्हरक्लॉकिंगच्या पानात दडवलेला असतो.

बीपकोड
वरच्यांशी सहमत, फक्त चार स्टिक्सच्या भानगडीत पडू नका. ७००० सिरीजला चार स्टिक्सवर अधिकृत स्पीड फक्त ३६०० आहे, वर नेता येतो पण रोज डोकेदुखी. ६४ हवी असेल तर ही जोडी विकून ३२-३२ ची जोडी घ्या.

स्लॉट बदलूनही बूट नाही झाला तर बायॉस अपडेट करा, सुरुवातीच्या व्हर्जन्सना मेमरीचा बराच त्रास होता. शिवाय २०२३ मध्ये एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) १.३ व्होल्टची मर्यादा घातली, त्याच्या आधीचं बायॉस असेल तर एक्स्पो लावूच नका. अपडेटच्या आधी बिटलॉकरची (विंडोजच्या ड्राइव्ह एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून उतरवून ठेवा, विंडोज ११ बऱ्याचदा न विचारता ड्राइव्ह एन्क्रिप्ट करतं आणि अपडेटनंतर टीपीएम (एन्क्रिप्शनची किल्ली सांभाळणारा भाग) रिसेट झाला की थेट की मागतं. आणि यूपीएस नसेल तर लाईट जायच्या वेळा बघून करा, पुण्यात असाल तर गुरुवार (देखभालीसाठी लाईट जायचा वार) सोडून 🙏

रात्रपाळी_७६००
तापलेली_सोल्डर दादा, पहिल्या आणि तिसऱ्यात होत्या!! दुकानातूनच तशा आल्या, मी उघडून पण बघितलं नव्हतं. दुसऱ्या-चौथ्यात टाकल्या, बायॉस नवीनच निघालं म्हणून अपडेटला हात लावला नाही, एक्स्पो लावून मोबाईल बघत बसलो आणि बऱ्याच वेळाने आला की डिस्प्ले, टास्क मॅनेजरमध्ये ६०००. एसव्हीएम पण सापडलं. पण पहिल्या-तिसऱ्याने एवढा फरक का पडतो, ४८०० वर तर मस्त चालत होतं? आणि आता दर वेळी पीसी चालू व्हायला लई वेळ घेतोय.

तापलेली_सोल्डर
चॅनेल (प्रोसेसर आणि रॅममधले डेटाचे रस्ते) दोन्हीकडे तेच दोन, म्हणून ड्युअल चॅनेल तेव्हाही होताच. पण बहुतेक बोर्डांवर तारा आधी जवळच्या स्लॉटला जाऊन तिथून पुढच्या स्लॉटला जातात. शेवटचा स्लॉट रिकामा असला की तो तुकडा लोंबकळत राहतो आणि सिग्नल तिथून आपटून परत येतो. कमी स्पीडला हे खपतं, ६००० ला नाही.

बूट हळू आहे कारण दर वेळी ट्रेनिंग नव्याने होतंय. मेमरीच्या सेटिंग्जमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (आधीचं ट्रेनिंग लक्षात ठेवणारं) आहे ते एनेबल कर आणि पॉवर डाऊन एनेबल पण सोबत चालू ठेव, नाहीतर काही बोर्डांवर निळी स्क्रीन येते. दोन्ही लावून झाल्यावर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालव, एक जरी एरर आली तरी एक्स्पो ठेवून फक्त स्पीड ५६०० वर आण.

बीपकोड
आणि आत्ताच्या सेटिंग्ज बायॉसमध्येच प्रोफाइल म्हणून सेव्ह करा. सीमॉस क्लिअर करायची (बायॉस मूळ सेटिंग्जवर आणायची) वेळ आली तर एक्स्पो, एसव्हीएम, फॅनचे कर्व्ह सगळं उडतं. बऱ्याच बोर्डांवर बायॉस अपडेटनंतर जुनं प्रोफाइल लोड होत नाही, त्यामुळे प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो पण काढून ठेवा.