अंतर्गत परीक्षेवरून डीएनबी फायनलचा अंदाज बांधता येतो का?

प्रश्न (बडोदा): जनरल मेडिसिनच्या डीएनबी (नॅशनल बोर्डाची पदव्युत्तर वैद्यकीय पदवी) निवासी डॉक्टरांचे अंतर्गत परीक्षांचे जुने गुण एक्सेलमध्ये आहेत. फायनल थिअरीत कोण अडकेल हे वर्षभर आधी कळेल का? कटऑफ किती धरावा?

उत्तर १: फायनलला ५०% लागतात म्हणून इथेही ५० वर रेघ ओढू नका, दोन्हींची काठिण्यपातळी वेगळी असते. जुन्या बॅचेस एकत्र करून वेगवेगळे कटऑफ तपासा. समजा ४० पैकी ८ नापास झाले. अंतर्गत परीक्षेत ४५% च्या खाली १४ जण होते, त्यांतले ६ नापास. म्हणजे नापासांपैकी ७५% आधीच सापडले, पण इशारा मिळालेल्यांपैकी ८ जण पास झाले. जादा शिकवणीसाठी एवढं पुरतं. यावरून कुणाची टर्म अडवणं मात्र अन्याय ठरेल.

उत्तर २ (ग्वाल्हेर): सर, पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाचे गुण एकत्र मिसळू नका. ज्यांना मदत दिली त्यांचा वेगळा रकाना ठेवा. ते पास झाले की अंदाजच चुकला असं वाटतं. आणि तुमचे अंतर्गत पेपर एमसीक्यूचे (बहुपर्यायी) आहेत का? अमेरिकेत इन-ट्रेनिंग परीक्षा (प्रशिक्षणादरम्यानची) आणि एबीआयएम (तिथली मेडिसिनची अंतिम बोर्ड परीक्षा) दोन्ही बहुपर्यायी, आपली फायनल मात्र लेखी, म्हणून तिथले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

प्रश्नकर्ता: हो मॅडम, एमसीक्यूच आहेत.

उत्तर २: मग लिहिण्याचा वेग आणि उत्तराची मांडणी मोजलीच जात नाही. फायनलसारखा तीन तासांत दहा प्रश्नांचा लेखी पेपर घ्या, नाव झाकून दोघांकडून तपासून घ्या.