ब्रॉयलर: गाडी लेट, खाद्य किती तास बंद ठेवायचं?

सिन्नर_पोल्ट्री: नमस्कार मंडळी. कंपनीच्या करारावर ब्रॉयलर करतो, ३००० पक्षी, सरासरी २.२ किलोवर आलेले. सुपरवायझर म्हणाला दुपारी ४ ला खाद्य बंद करा, रात्री १० ला लिफ्टिंग, म्हणजे पक्षी उचलायला गाडी. गाडी उगवली पहाटे साडेतीनला! तोवर पक्षी खाली अंथरलेलं तूस उकरून खायला लागले आणि काट्यावरची घट आमच्याच माथी. वडील म्हणतात उपाशी ठेवायचंच कशाला, पोट भरलेलं बरं, वजन तरी भरतं. खरंच गरज असते का? आणि पाणीपण बंद करायचं का?

चिकनवाला_ठाणे: दादा, वडिलांना एक दिवस आमच्या दुकानात बसवा 😀 भरल्या पोटाचा पक्षी कापला की गळ्याची पिशवी फुटते नी सगळा भरडा मांसावर. गाडीत क्रेटवर क्रेट, वरच्याची घाण खालच्याच्या अंगावर. वर पोटातल्या मक्याचे पैसे आम्ही मोजायचे, गिऱ्हाईक देतंय होय ते?

जुना_सुपरवायझर: पाणी अजिबात बंद करू नका, पकडायला माणसं शेडमध्ये शिरेपर्यंत चालू, पाण्यानेच आतडं लवकर रिकामं होतं. आणि हिशोब खाद्य बंद केल्यापासून थेट सुरीपर्यंतचा धरायचा, प्रवास, तिथलं ताटकळणं सगळं मिळून ८ ते १२ तास. तुमचे साडेअकरा शेडमध्येच गेले. त्यापुढे आतडं नाजूक होतं, काढताना तुटतं, पित्त सांडून कलेजी हिरवी पडते. तूस खाल्लं म्हणजे तर साल्मोनेला (विष्ठेतला रोगजंतू) परत पोटात, मग उपाशी ठेवून मिळवलं काय? वजनातली घट तासाला ०.२ ते ०.४ टक्के, ६६०० किलोवर मधला आकडा धरला तरी तासाला २० किलो.

सिन्नर_पोल्ट्री: म्हणजे साडेपाच तास जास्तीचे, ११० किलो गेले?? वडिलांना दाखवलं तर म्हणे बघ, मी काय सांगत होतो.

कोंबडी_कट्टा: आम्ही घड्याळ बघतच नाही, गाडी निघाल्याचा ड्रायव्हरचा फोन आला की मगच फीडर (खाद्याची भांडी) दोरीने वर. लेट होणार कळलं तर परत खाली सोडतो.

जुना_सुपरवायझर: खाली सोडलेत तर तास पुन्हा शून्यापासून मोजा हां, भुकेला पक्षी एकदम टच्च भरून घेतो. आणि चलनावर, म्हणजे माल दिल्याच्या पावतीवर, गाडी आल्याची वेळ लिहून ड्रायव्हरची सही घ्या, भांडायला कागद तरी राहतो.

सिन्नर_पोल्ट्री: चलनावर वेळेचा रकानाच नाहीये हो. मागच्या बाजूला लिहून घेतो आता.