रशियन अस्वल : मध जाणणारं की मध खाणारं?

शाल्मली : मुलांसाठी रशियन लोककथा मराठीत करते आहे. रशियन ‘मेद्वेद्’ पुल्लिंगी, गोष्टीत त्याला मिखाइल पोतापिच म्हणतात. आपलं अस्वल नपुंसकलिंगी. ‘पोतापिच झोपडीत शिरलं’ कानाला खटकतं, ‘अस्वल शिरला’ त्याहून जास्त. काय करावं? शिवाय ‘मेद्वेद् = मध जाणणारा’ या माझ्या तळटिपेवर संपादकांनी फुली मारली. रशियनच्या बाईंनी तर तसंच शिकवलं होतं.

मुळाक्षर : फुली योग्य आहे. रशियन, पोलिश, युक्रेनी या स्लाव भाषांच्या मूळ भाषेतलं, म्हणजे आद्य स्लाव रूप *मेद्वेदि असं धरतात. पुढचा तारा (*) म्हणजे लेखी पुरावा नाही, लेकी-भाषांवरून बांधलेलं रूप. फोड मेदु + एद्, मध + खाणे. उकारापुढे स्वर आला की व होतो, आपला यण् संधीच. मधु + अद् = मध्वद्! ऋग्वेदाच्या पहिल्या मंडळात, 164व्या सूक्तात, झाडावरच्या पक्ष्यांना ‘मध्वदः’ म्हटलंय. पुढे रशियनांना ही फोड दिसेनाशी झाली, तो ‘व’ पुढच्या तुकड्याला चिकटला, ‘एद्’चं ‘वेद्’ झालं आणि त्यात ‘जाणणे’ ऐकू येऊ लागलं.

पडवी : अस्वलासाठीचे आपला ऋक्ष, ग्रीक आर्क्तोस, लॅटिन उर्सुस हे शब्द एकाच घरातले. स्लावांकडे तो शब्द उरला नाही. नाव घेतलं तर जनावर समोर येईल, या भीतीपोटी टोपणनाव रूढ झालं असं मानतात. मला हे पटतं. तिन्हीसांजेला आजी ‘साप’ म्हणू द्यायची नाही. ‘लांबडं’ म्हणायचं. चावला तर ‘पान लागलं’. एकदा पडवीत मी ‘साप!’ म्हणून ओरडलो. आजीनं आधी माझ्या तोंडावर हात ठेवला, मग कंदील वर धरून पाहिलं.

रानमेवा : युक्रेनीत तर ‘वेद्मिद्’, तुकडे उलटेपालटे. पोलिशमध्ये म चा न झालाय. हीसुद्धा भीतीच असणार.

मुळाक्षर : प्रत्येक मोडतोडीला भीती लावू नका. फोड विसरली की शब्द असाही विस्कटतो.

गोदातीर : अमरकोशात अस्वलाची नावं ‘ऋक्षाच्छभल्लभल्लूकाः’ अशी आहेत. त्यातल्या अच्छभल्लाचं अस्वल झालं. शाल्मलीताई, सरळ ‘ऋक्षराज’ लिहा. शुद्ध शब्द, पुल्लिंगही मिळालं.

रानमेवा : सहा वर्षांच्या पोराला ऋक्षराज? वाघोबा, कोल्होबा चालतात, तसं ‘अस्वलदादा शिरला’ लिहा की.

गोदातीर : पोरांना अवघड शब्द द्यायचेच नाहीत, तर ते शिकणार कधी? माझ्या नातीला ‘जांबुवंत’ नीट म्हणता येतं.

शाल्मली : तळटीप बदलली, मुळाक्षर, आभार. पण दादा म्हटलं की तो प्रेमळ होतो. या गोष्टीत तो रात्री दार ठोठावतो, म्हातारा-म्हातारी घाबरून बसलेत. तिथे काय?

पडवी : मग त्या दोघांच्या तोंडी नाव घालूच नका. ‘तो आलाय’ एवढंच.

गोदातीर : ‘पान लागलं’ आमच्याकडेही म्हणतात. पण सापाला लांबडं नाही, ‘जनावर’.