मिश्र माध्यमातला घोडा पळत का नाहीये? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

३६ बाय २४ इंची कॅनव्हासवर भरधाव घोडा करतेय. खाली कोळशाचं रेखाटन, त्यावर वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे, मग अ‍ॅक्रिलिकचे पातळ थर, आयाळीला मॉडेलिंग पेस्ट (उठाव देणारा जाड लेप). रंग मनासारखे आलेत. घोडा मात्र छताला टांगल्यासारखा दिसतोय.

समोर छायाचित्रकार मायब्रिजची धावत्या घोड्याची १८७८ सालची छायाचित्रं ठेवली आहेत. चारी खूर हवेत असताना पाय पोटाखाली गोळा झालेले असतात, तशीच पोझ घेतली. उलट फ्रेंच चित्रकार जेरिकोच्या १८२१ च्या, इंग्लंडमधल्या एप्सम घोडेशर्यतीच्या चित्रात पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेले. शास्त्राप्रमाणे साफ खोटं, पण ते घोडे सुसाट सुटलेत आणि माझा आखडलाय!

राहते घोडबंदर रोडला, पण जिवंत घोडा बघायचा तर वरात नाहीतर माथेरान. वरातीतली घोडी बँडपुढे जागची हलत नाही, माथेरानचे घोडे फार तर दुडक्या चालीने जातात. चौखूर धाव बघणार कुठे?

पोझ बदलू का? आणि कागदाच्या फाटक्या कडांवर नजर अडते, त्याचं काय करू? त्यात पावसाळा, फेव्हिकॉलखाली कागदाला फुगे येतायत.

जुना कुंचला:
ताई, मायब्रिज बरोबर आहे, तुम्ही घेतलेला क्षण अवघड आहे. चौखूर धावेत आधी मागचे दोन पाय एकामागोमाग टेकतात, मग पुढचे दोन, आणि त्यानंतर घोडा हवेत जातो. हवेतल्या घोड्याला जमिनीचा आधारच नसतो, मग बघणाऱ्याला तोल कळणार कशावरून? त्याच्या किंचित अलीकडचा क्षण घ्या. शेवटचा पुढचा पाय टेकलेला, अख्खं अंग त्या एका पायावर, मान खाली आणि पुढे. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळतात त्याच्या जरा मागून ओळंबा, म्हणजे सरळ उभी रेघ, सोडून बघा. टेकलेला खूर ओळंब्याच्या फार पुढे असेल तर घोड्याने ब्रेक लावल्यासारखं वाटतं. खूर मागे, ओळंब्याकडे सरकवत न्या, धड आपोआप पुढे झुकेल.

हवेतलाच घोडा हवा असेल तर सावली खुरांपासून सुटी काढा, निम्मं काम तीच करते.

अजून एक. घोड्याला कॉलरबोन नसतं, पुढचे पाय धडाला स्नायूंनीच बांधलेले असतात. त्यामुळे धावताना खांद्याचं पातं चांगलंच पुढेमागे सरकतं. तुमच्या चित्रात खांदा उभ्या घोड्याचा आणि पाय पळणाऱ्याचे आहेत.

निळी शाई:
कागदाबद्दल सांगते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. सरळ कड छातीकडे ठेवा, फाटकी कड घोड्याच्या पुठ्ठ्याकडे (मागच्या भागाकडे) आणि शेपटीकडे. तिथे ती रंगात विरली तरी चालेल, विरायलाच हवी. सगळीकडे सारखी ठसठशीत कड ठेवली की घोडा जागीच थांबतो. छापील ओळीही आडव्या न लावता मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत तिरप्या जाऊ द्या.

फेव्हिकॉल सोडा. मॅट मिडियम (अ‍ॅक्रिलिकचं बिनरंगी, बिनचमकीचं माध्यम) कागदाच्या खालीही लावा, वरूनही, आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे हवा काढा. कोळशावर आधी फिक्सेटिव्ह (कोळसा पक्का बसवणारा फवारा) मारलंय ना? नाहीतर अ‍ॅक्रिलिकचा पहिला हात फिरला की सगळा राखाडी चिखल.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. फिक्सेटिव्ह मारलंय. ट्रेसिंग पेपरवर शेवटचा पुढचा पाय टेकवून बघितला, घोडा लगेच पुढे झेपावला. खांदाही सरकवलाय. आता मान खाली घ्यायची तर आयाळीवरची पेस्ट आड येतेय, आणि ती पार कडक वाळलीये. पॉलिश पेपरने घासून निघेल, की पॅलेट नाइफने खरवडताना खालचा कॅनव्हास फाटेल? कोणी केलंय का असं?