प्रतिसाद: टर्कीचा खिमा, भात, गाजर… आणि कॅल्शियम?

वर लिहिलंय ना की टर्कीचा खिमा, भात आणि गाजर उकडून दिलं की कुत्र्याचं जेवण पूर्ण झालं, तर पोट बिघडलं असताना दोन-चार दिवसांसाठी ठीक, पण रोजच्यासाठी नाही. कांदा-लसूण नको, शिजवलेली हाडं नकोत हे सगळ्यांनी सांगितलंच आहे, पण कॅल्शियमचं कुणीच बोललं नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं, आणि कुत्र्याला दोन्ही निदान सारखं, खरं तर कॅल्शियम थोडं जास्तच लागतं. कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढून घेतं, पिल्लांना तर याचा जास्तच त्रास.

आम्ही न्यू जर्सीत पहिले दोन महिने असंच खिमा-भात देत होतो, बंड्या खूष, आम्ही खूष, आणि डॉक्टरांनी विचारलं कॅल्शियम कशातून देता, तर आम्ही एकमेकांकडे बघतोय! तेव्हापासून अंड्याची कवचं धुवून, ओव्हनमध्ये कडक करून कॉफी ग्राइंडरमध्ये अगदी पिठासारखी दळते (हाताला कचकच लागली तर परत फिरवायची). एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं, आमचं प्रमाण 450 ग्रॅम खिम्याला अर्धा टीस्पून, तेही खिमा गार झाल्यावर. पिल्लू असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र हे अंदाजपंचे करू नका, आधी व्हेटला विचारा. आणि हो, खिमा घेताना पाकीट उलटून वाचा, मसालेवाल्यात कांद्याची पावडर असते बऱ्याचदा.