धातुशास्त्र शिकावे की वास्तुकला? एकाच संस्थेत दोन्ही शक्य आहे का?

डिचोलीकर:
नमस्कार. मी बारावी विज्ञान शाखेत आहे. २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत वडील खनिजाच्या ट्रकवर होते, त्यामुळे घरात लोहखनिजाविषयीचे बोलणे नेहमीचे आहे आणि त्या तांबड्या मातीपासून पोलाद कसे होते, हे मला मुळापासून शिकायचे आहे. दुसरीकडे मंगेशीची दीपमाळ, जुन्या गोव्यातील चर्च, आमच्या वाड्यावरची चिऱ्यांची घरे यांची चित्रे मी काही वर्षांपासून वहीत काढत आलो आहे आणि वास्तुकलेकडेही मन तितकेच ओढते. ज्या तांत्रिक संस्थेत हे दोन्ही विषय आहेत तिथे दोन्ही शिकता येतील का, आणि एकच निवडायचा झाल्यास कोणत्या आधारावर निवडावा?

धातुशास्त्राचा पदवीधर:
नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था, तिरुचिरापल्लीची एनआयटी, तसेच खरगपूर आणि रुरकी येथील आयआयटी, या सर्व ठिकाणी दोन्ही विभाग आहेत. मात्र प्रवेशाची वाट वेगळी आहे. एनआयटीमध्ये धातुशास्त्रासाठी जेईई मेनचा पहिला पेपर लागतो, तर वास्तुकलेसाठी गणित, अभियोग्यता आणि चित्रकला असलेला दुसरा. पहिली पदवी चार वर्षांची, दुसरी पाच वर्षांची. दोन्ही एकत्र करणे व्यवहारात शक्य नाही. गोव्यात राहायचे असल्यास पणजीला आल्तिनो येथे वास्तुकला महाविद्यालय आहे आणि फर्मागुढीला खाणकाम अभियांत्रिकी आहे, पण धातुशास्त्रासाठी राज्याबाहेर जावे लागेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. खनिजापासून पोलाद हा आमच्या अभ्यासाचा एक भाग आहे, संपूर्ण अभ्यास नव्हे. पोलादाचा तुकडा पॉलिश पेपरवर घासून आरशासारखा करायचा, त्यावर सौम्य आम्ल लावायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण पाहायचे, यात आमचे कितीतरी दिवस गेले. ०.८ टक्के कार्बनचे पोलाद संथ थंड केले की ७२७ अंश सेल्सिअसला त्यात जे पट्टेदार रूप तयार होते, ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला या विषयाची गोडी लागली. ऊष्मागतिकी, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेचे शास्त्र, आणि गणित आवडत असेल तर निःशंकपणे या.

मडगावची वास्तुविशारद:
हे दोन विषय एकमेकांपासून दूर आहेत असे समजू नका, निदान गोव्यात तरी. १९७० मध्ये वाहतुकीस खुला झालेला मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, कारण काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. आराखडा कितीही उत्तम असला, तरी आतल्या धातूचे काय होते हे कळले नाही तर तो टिकत नाही.

चांगल्या काँक्रीटमध्ये अल्कता इतकी असते की सळयांवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. समुद्राच्या हवेतले क्लोराइड आत झिरपले की तो थर तुटतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि बाहेरचे काँक्रीट फोडून काढतो. म्हणूनच किनारी भागातील प्रबलित, म्हणजे सळया घातलेल्या, काँक्रीटसाठी भारतीय मानक ४५६ निदान एम-३० हा मजबुतीचा दर्जा आणि सळयांवर काँक्रीटचे ४५ मिलिमीटर आवरण सांगते. तरीही मी पाहिलेल्या कितीतरी बांधकामांत हे आवरण वीस मिलिमीटरही नव्हते, आणि पाचसहा पावसाळ्यांत छतातून तांबडे ओघळ दिसू लागले. बाल्कनीच्या कठड्याला ३०४ प्रकारचे स्टेनलेस स्टील वापरायचे की मॉलिब्डेनम हा धातू असलेले ३१६, हा निर्णयही आमच्याच टेबलावर येतो, आणि तो चुकला की किनाऱ्याजवळच्या घरात लवकरच तपकिरी डाग पडतात. आणि चिरा काय आहे? लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी बनलेला दगड, जो खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत कठीण होतो.

तुमच्या वहीविषयी वाचून मला वाटते की तुम्ही वास्तुकला निवडावी. वास्तुविशारद म्हणून नोंदणी १९७२ च्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त पदवीनंतरच होते, म्हणून ही वाट नंतर धरणे अवघड जाते. धातूंचे ज्ञान मात्र पुढे वाढवता येते.

धातुशास्त्राचा पदवीधर:
येथे माझे मत वेगळे आहे. ऊष्मागतिकी नोकरी करताना शिकता येत नाही. गंज रोखण्याचे काम करणाऱ्यांची किनाऱ्यावर गरज मोठी आहे, आणि चित्र काढण्यासाठी पदवी लागत नाही.

डिचोलीकर:
दोघांचेही आभार. जेईई मेनचे दोन्ही पेपर देतो. तोपर्यंत वाड्यावरच्या एका जुन्या घराचा आराखडा मोजून काढतो आणि त्याच्या गंजलेल्या खिडक्यांच्या गजांचेही निरीक्षण लिहून ठेवतो.