शब्दचर्चा : पलटण, रेजिमेंट, तुकडी आणि त्यांच्या पुढचा आकडा

विचारणा (तासगाव, शिक्षक)

गावातल्या आजी-माजी सैनिकांची यादी स्मरणिकेसाठी तयार करतोय. एकाच घरातल्या तीन पिढ्यांची कागदपत्रं हाती आली आहेत. पणजोबांना पहिल्या महायुद्धात मिळालेल्या पदकाच्या कडेवर नावापुढे '१०३' कोरलंय. आजोबांच्या डिस्चार्ज बुकात '१/५' आहे. चुलत्यांच्या पेन्शनच्या कागदावर नुसतं '१ मराठा'. घरचे म्हणतात, "आमच्यातले तिघंबी एकाच पलटणीत होते." मग आकडे तीन कसे? १०३ म्हणजे मराठ्यांच्या एकशेतीन पलटणी होत्या की काय? आणि छापताना तुकडी लिहू, पलटण लिहू की रेजिमेंट? वर्तमानपत्रात तर सरसकट 'तुकडी' असते.

माजी सुभेदार, कोरेगाव

गुरुजी, घरचे बरोबर सांगत्यात. तुकडी तेवढी लिहू नका. तुकडी म्हणजे कामाला धाडलेली माणसं. दहा असतील, पन्नास असतील, काम झालं की मोडली. पलटण मोडत नाही.

दहा-बारा जवानांचं सेक्शन, तीन सेक्शनांची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी, अन् चार-पाच कंपन्या मिळून पलटण, म्हणजे बटालियन. अंदाजे आठशे माणूस. दोन फौजी एसटीत शेजारी बसले तर पहिला सवाल "कुठली पलटण?" हाच. रेजिमेंट टोपीवरच्या बिल्ल्यावरनं कळतीच.

मिरज

सुभेदारसाहेबांनी 'पलटण'चा अर्थ नेमका सांगितला. या शब्दाची गंमत अशी की तो बटालियनवरून आला की प्लाटूनवरून, की फ्रेंचांच्या 'पेलोतों'वरून, यावर जुन्या कोशकारांचंही एकमत नाही. उच्चार प्लाटूनच्या जवळचा, अर्थ मात्र बटालियनचा. म्हणून इंग्रजीतल्या प्लाटूनला मराठीत पलटण लिहिलं की तीस माणसांची आठशे होतात. युद्धकथांच्या भाषांतरांत हे सर्रास दिसतं.

आता तीन आकड्यांचं. ही एकच पलटण आहे, आणि तिला तीन नव्हे, पाच आकडे लागलेत. १७६८ मध्ये ती उभी राहिली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या शिपायांची दुसरी बटालियन होती. पुढे मुंबई फौजेच्या फेररचनेत तिला ३ नंबर मिळाला. तेव्हा मुंबई, मद्रास आणि बंगाल या तीन वेगळ्या फौजा होत्या आणि प्रत्येकीचा आकडा एकपासून सुरू व्हायचा. म्हणजे हिंदुस्थानात 'तीन नंबर' एकाहून जास्त ठिकाणी! १९०३ मध्ये सरसेनापती किचनरने सगळ्यांना एका माळेत ओवलं. बंगालच्या पलटणींचे आकडे सुरुवातीला ठेवले, मद्रासच्या आकड्यांत ६० मिळवले आणि मुंबईच्या आकड्यांत १००. झाली तीनची एकशेतीन.

तेव्हा १०३ ही मोजणी नाही. मराठा नाव असलेल्या पलटणी त्या वेळी सहाच होत्या : १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. यातल्या १०३, ११० आणि ११७ या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत उपासमार सोसून शेवटी शरणागती. सातारा-सांगलीकडच्या घरांत "बसऱ्याला गेलेला परत आला नाही" असं जे सांगतात, त्यातले कितीतरी या तीन आकड्यांतले असणार. पणजोबांच्या पदकावर १०३ आहे, तेव्हा घरात 'कूत' हे नाव कुणाला आठवतं का, विचारून बघा.

१९२२ मध्ये पुन्हा फेरमांडणी झाली. या सहा पलटणी एका छत्राखाली आणून त्या छत्राला '५ मराठा लाइट इन्फन्ट्री' म्हटलं आणि केंद्र बेळगावला ठेवलं. १०३ झाली त्यातली पहिली, म्हणून १/५. वरचा आकडा पलटणीचा, खालचा रेजिमेंटचा. १०५ ची २/५ झाली, ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५. आणि ११४ ची? ६/५ नव्हे, १०/५. कारण त्या योजनेत प्रत्येक रेजिमेंटच्या प्रशिक्षण पलटणीला १० हाच नंबर ठरवून दिला होता. मधले ६ ते ९ रिकामे. 'दहावी पलटण म्हणजे आधीच्या नऊ कुठल्या?' असं शोधत बसणाऱ्याला त्या काळात पाचच सापडतील.

स्वातंत्र्यानंतर रेजिमेंटचा ५ गळला आणि चुलत्यांच्या कागदावर '१ मराठा' उरलं.

माजी सुभेदार, कोरेगाव

जंगी पलटण म्हणत्यात तिला. नामदेव जाधव, व्हिक्टोरिया क्रॉसवाले, १/५ चेच. इटलीत सेनिओ नदीवर, एप्रिल १९४५. स्मरणिकेत एवढी ओळ टाकाच गुरुजी, घरच्यांना बरं वाटंल.

औंध

दुसरे मराठा व्हिक्टोरिया क्रॉस यशवंत घाडगे. जुलै १९४४, इटलीतच, पण ३/५ चे. त्यांची पलटण आज शोधायला गेलात तर मराठा रेजिमेंटमध्ये '३' सापडणार नाही. ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि तिथे तिचा नंबर २ झाला, २ पॅरा. याच्या उलट २१ मराठा जेव्हा पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये गेली तेव्हा २१ हा आकडा सोबत घेऊन गेली. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक याच २१ पॅराचे. २०१५ मध्ये कुपवाड्यात वीरमरण आलं तेव्हा ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करत होते. राष्ट्रीय रायफल्समध्ये इतर पलटणींतले जवान-अधिकारी ठरावीक काळासाठी जातात. एका अधिकाऱ्याच्या नावापुढे दोन आकडे दिसले तर त्यातला एक चुकीचा समजून खोडू नये, एवढ्यासाठी सांगितलं.

वाई

'आकडा म्हणजे मोजणी नव्हे' हे फक्त आपल्याकडचं नाही. रोमन लीजनपासून, म्हणजे त्यांच्या काही हजार सैनिकांच्या दळापासून, तसंच आहे. ऑगस्टसच्या काळात 'तिसरी लीजन' एकाच वेळी तीन होत्या : ऑगस्टा, सिरेनायका आणि गॅलिका. यादवी युद्धात प्रत्येक सेनापतीने आपापल्या फौजेला एकपासून आकडे दिले होते. युद्ध संपल्यावर या फौजा एकत्र आल्या, पण आपला आकडा सोडायला कोण तयार होणार? मग मागे उपनाव जोडलं. दोन लीजन मोडून एक केली तर तिला 'जेमिना', म्हणजे जुळी. आणि इ.स. ९ मध्ये जर्मनीतल्या ट्यूटोबर्गच्या रानात १७, १८ आणि १९ या तीन लीजन कापल्या गेल्या, त्यानंतर रोमने ते आकडे पुन्हा कुणालाच दिले नाहीत.

ब्रिटिशांत सुरुवातीला आकडा नव्हताच, कर्नलचं नाव चालायचं. पण एकदा हॉवर्ड आडनावाचे दोन कर्नल एकाच वेळी निघाले. 'हॉवर्डची रेजिमेंट' म्हटल्यावर कुठली? मग गणवेशाच्या कॉलर-बाह्यांच्या रंगावरून एकीला हिरवे हॉवर्ड म्हणू लागले, दुसरीला पिवळट 'बफ' हॉवर्ड. १७५१ मध्ये राजाज्ञेने नंबर ठरवले. ते ज्येष्ठतेचे, संख्येचे नव्हेत. त्यातही ज्येष्ठता कशी मोजायची हा वाद होताच. कोल्डस्ट्रीम गार्ड्स १६५० चे, पण राजाच्या चाकरीत उशिरा आले म्हणून मानाच्या रांगेत दुसरे. त्यांनी ब्रीदच घेतलं, 'कुणाहून दुसरे नाही'. १८८१ मध्ये हे नंबर काढून जिल्ह्यांची नावं दिली तेव्हा केवढी तरी कुरकुर झाली.

फ्रान्सने उलटं केलं. राजाच्या काळी रेजिमेंटला प्रांताचं नाव असे, पिकार्डी, नव्हार, शांपान्य. क्रांतीनंतर १७९१ मध्ये नावं पुसून १, ५, ७ असे आकडे लावले, कारण नावांना सरंजामशाहीचा वास येत होता. म्हणजे एकाला आकडा मानाचा, तर दुसऱ्याला मान मोडण्यासाठी.

सांगली (भाषांतराचं काम करते)

हे सगळं वाचून एक विचारते. अमेरिकन पुस्तकात '१०१ एअरबोर्न' येतं. 'एकशे एकावी हवाई तुकडी' असं छापलेलं मी पाहिलंय. तुकडी गेली, हे पटलं. पण '-वी' लावायचं की नाही?

मिरज

ती डिव्हिजन आहे, दहा हजारांच्या वर माणसं. 'तुकडी' तर शक्यच नाही. डिव्हिजनच ठेवा.

आकड्याचं म्हणाल तर अमेरिकेने १९१७ मध्येच पेट्या ठरवल्या होत्या : १ ते २५ खड्या सैन्यासाठी, २६ ते ७५ राज्यांच्या नॅशनल गार्डसाठी, आणि ७६ पासून पुढे भरती करून उभारायच्या सैन्यासाठी. त्यामुळे आकडा बघून डिव्हिजनचं गोत्र कळायचं. शंभर डिव्हिजन आधी उभ्या होत्या असा अर्थ नाही. मी 'एकशेएक एअरबोर्न डिव्हिजन' लिहीन, '-वी' न लावता.

सोव्हिएत पुस्तकं करत असाल तर आणखी जपा. तिथे बक्षीस म्हणून 'गार्ड्स' हा मानाचा किताब द्यायचे आणि आकडाच बदलायचे. सप्टेंबर १९४१ मध्ये १०० नंबरची रायफल डिव्हिजन '१ गार्ड्स' झाली आणि १२७ ची '२ गार्ड्स'. स्टालिनग्राड लढवणारी ६२ नंबरची आर्मी पुढे ८ गार्ड्स आर्मी म्हणून बर्लिनला पोहोचली. एकाच पुस्तकात दोन प्रकरणांत दोन आकडे आले तर वाचक गोंधळतो. पहिल्या उल्लेखात दोन्ही द्यावेत.

माजी सुभेदार, कोरेगाव

ताई, '-वी' लावायला हरकत नाही. २ मराठाला आमी 'काली पांचवी' म्हणतो. नंबर आज दोन, नाव पाचवी. मुंबईच्या जुन्या फौजेत ती ५ होती, मग १०५. पलटण बाई आहे, पाचवीच म्हणणार की. पाच पलटण कोण म्हणतंय?

मिरज

तो मुद्दा मान्य. पण तिथे 'पाचवी' हे नावच झालंय. 'एकशे एकावी' तसं रुळलेलं नाही. लहान आकड्यांना '-वी' जिभेवर बसते, शंभराच्या पुढे 'नंबर' बरा. आपले जुने लोक 'एकशेतीन नंबर पलटण' असंच म्हणत.

औंध

गोरखा रायफल्सचे आकडे राहिले. भारतात आज १, ३, ४, ५, ८, ९ आणि ११ आहेत. २, ६, ७ आणि १० फाळणीच्या वेळी ब्रिटिशांकडे गेल्या. ७ आणि १० मधले जे जवान तिकडे जायला तयार नव्हते, मुख्यत्वे त्यांच्यासाठी ११ नव्याने उभी केली. कारगिलचे कॅप्टन मनोज पांडे १/११ चे. मराठ्यांचा खालचा आकडा गळला, इथे मात्र गळलेला नाही. त्यामुळे '१/११' वाचताना 'एक छेद अकरा' म्हणू नका, अकरा गोरखाची पहिली. रणगाड्यांच्या बाजूला 'रेजिमेंट' म्हणजेच एक युनिट. पूना हॉर्सचा १७ तसा. तिथे पलटण शब्द चालत नाही, रिसाला चालतो.

कराड

आकड्याचं वेड आपल्याकडे नव्हतं असं नाही, पण ते आकाराचं होतं. पत्ती म्हणजे एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ. तिथपासून तीनतीनपट करत सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी, आणि दहा अनीकिनींची अक्षौहिणी : २१,८७० रथ आणि १,०९,३५० पायदळ. पण 'सातवी अक्षौहिणी' असं कुणी म्हटलेलं आठवत नाही. ती कुणाची, एवढंच.

शिवकाळातही तेच. पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरचे स्वार) हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांचा हजारी. हिशोब करून बघा, हजारीखाली साडेबाराशे येतात! हजारी हा हुद्दा होता, मोजदाद नव्हे. पथकाची ओळख सरदाराच्या नावाने. नंबर आले ते कवायती फौजेबरोबर.

जाता जाता, 'फलटण हे गाव पलटणीवरून' असं सांगणारे भेटतात. सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या. शिवाजीमहाराजांशी त्यांचं लग्न झालं तेव्हा इंग्रजांची पलटण या मुलखात यायची होती.

सांगली (भाषांतराचं काम करते)

शेवटची शंका. चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा केलेल्या डॉ. कोटणीसांवरच्या मजकुरात 'आठवी मार्ग सेना' असं लिहिलेलं मिळालं. 'एट्थ रूट आर्मी'चं हे बरोबर आहे का?

वाई

नको. चिनी 'लू' म्हणजे रस्ता खरा, पण लष्करी भाषेत एका दिशेने चालून जाणारं दळ. 'आठवं दळ' अर्थाला जवळ, पण वाचकाला 'आठवी रूट आर्मी'च ओळखीची आहे. हा ८ नंबरही कम्युनिस्टांनी स्वतः घेतलेला नाही. १९३७ मध्ये जपानशी लढायला दोन पक्ष एकत्र आले तेव्हा राष्ट्रवादी सरकारने तो दिला, आणि थोड्याच दिवसांत बदलून '१८ नंबरचा ग्रुप आर्मी' केला. लोकांच्या तोंडी मात्र 'बालू', आठ नंबर, हेच राहिलं. कोटणीस १९३८ मध्ये गेले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले, म्हणजे कागदोपत्री ती १८ झाल्यानंतरच्याच काळात. तरी 'आठवी'च लिहा. हवं तर तळटीपेत १८ द्या.